पापाची पावती

(युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलं आहे. दोन-तीन शिव्या तेवढ्या संपादकानं काढल्या.)

अध्यक्ष, मित्रांनो, आणि मागं दाराशी उभ्या राहिलेल्या आयाबायांनो, पुढं येऊन बसा, जागा आहे. जय भीम.

मला पत्र आलं ते असं. डिसेंबरात आपल्या पोरांची आठ दिवसांची ‘सातपुडा अभ्यासयात्रा’ काढायचं ठरलंय. पंचवीस पोरं, एक मिनीबस, डफ, पथनाट्य, फोटो काढायला एक जण. मी त्या डोंगरात जाऊन आलेला माणूस, म्हणून मी वाटाड्या व्हावं आणि आज चार शब्द बोलावेत. चार शब्द बोलतो. वाटाड्या होत नाही. का होत नाही हे सांगायला मला दुसऱ्याच एका यात्रेची हकीकत सांगावी लागेल. ती आपली नव्हती. ख्रिस्ती मिशनची होती, दहा दिवसांची, डिसेंबर २०१२ ची. मी तिच्यात दुभाष्या होतो. रोजचे पाचशे रुपये आणि दोन वेळचं जेवण.

चुळबूळ करू नका. बाबासाहेबांचा पोरगा पाद्र्याच्या गाडीत कसा बसला, हा प्रश्न तुमच्या तोंडावर दिसतोय मला. पैशासाठी बसलो. आणि दुसरं म्हंजे, मी नगर जिल्ह्याचा, आता त्याला अहिल्यानगर म्हणायचं. तिकडच्या महारवाड्यात एका बोळात विहार असतो आणि दुसऱ्या बोळात देऊळ, म्हंजे चर्च. आमचे लोक चर्चला देऊळच म्हणतात. १८७६ च्या दुष्काळात आमच्या आज्याच्या आज्याचं अर्धं घर ख्रिस्ती झालं, उरलेलं अर्धं १९५६ नंतर बुद्ध झालं. माझी एक आत्या रविवारी उपासनेला जाते आणि १४ एप्रिलला मिरवणुकीत पुढं नाचते. तिला धान्यासाठी बाटलेली म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारतो: त्या दुष्काळात तुझ्या देवाच्या कोठारात धान्य नव्हतं का? आणि असलं तर ते कुणाला दिलं?

म्हणून मिशन म्हटलं की थुंकणारा मी नाही. जोतीराव शिकले ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत. मांगाची पोर मुक्ता हिनं १८५५ साली महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो कुठल्या शास्त्र्याच्या मासिकानं छापला? कुणाच्याच नाही. छापला ‘ज्ञानोदय’नं, आणि ज्ञानोदय मिशनचा. हे कर्ज आहे, ते नाकबूल करणारा कृतघ्न. पण बाबासाहेबांनी हे कर्ज मान्य करूनसुद्धा मिशनवाल्यांचा हिशेब मागितलाय. तुमच्यात आलेल्या अस्पृश्याची जात गेली का? त्याच्यावर गावात जुलूम झाला तेव्हा तुम्ही त्याच्या बाजूनं उभे राहिलात का? की त्याला त्याचंच पाप मोजत बसवलंत आणि त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेला हातही लावला नाहीत? हा पापाचा मुद्दा ध्यानात ठेवा. पुढं त्याचीच गंमत आहे.

तर यात्रा. एकूण चौदा माणसं. मुंबईच्या इंग्रजी बोलणाऱ्या मंडळीतली बारा, आणि दोघं परदेशी पाहुणे. पाहुणे टुरिस्ट व्हिसावर, आणि टुरिस्ट व्हिसावर धर्मप्रचार चालत नाही, म्हणून आम्हाला दटावलेलं होतं की कुणी विचारलं तर डोंगर बघायला आलोय म्हणायचं. एक डॉक्टरीणबाई होत्या, एक दातांचा डॉक्टर होता. बाकी कॉलेजची पोरंपोरी, चांगली होती हो, गोड बोलणारी, डोळ्यात पाणी आणणारी. पुढाऱ्यानं पहिल्याच दिवशी गाडीत मला नाव विचारलं. नाव सांगितलं. मग म्हणाला, पूर्ण नाव? पूर्ण नाव ऐकून हसला आणि म्हणाला, प्रभूच्या घरात सगळे सारखे. मी काही विचारलंच नव्हतं त्याला.

अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगी. मोलगीवरून धडगावच्या बाजूला जीप जाते तितकी गेली, मग दोन तास पायी. पाड्याचं नाव सांगत नाही. का नाही ते पुढं कळेल. नंदुरबार जिल्हा, २०११ च्या शिरगणतीत शंभरात एकोणसत्तर आदिवासी. वर डोंगरात तर बाकीचं कुणी दिसतच नाही, मास्तर आणि जंगलखात्याचा माणूस सोडून. भिल्ल आणि पावरा. ऊस तोडायला आणि मजुरीला लोक दिवाळीनंतर गुजरातेत उतरतात, त्यामुळं डिसेंबरात पाडा अर्धा रिकामा. म्हातारी माणसं, पोरं आणि आजारी. हे यात्रेवाल्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना डिसेंबर सोयीचा, कारण कॉलेजला सुट्ट्या आणि नाताळ. (आपली यात्रा कितीला आहे म्हणालात? डिसेंबर. बरं.)

भाषेची तऱ्हा अशी. पुढारी इंग्रजीत बोलायचा, मी मराठीत सांगायचो, आणि खालच्या वसतिगृहात शिकणारा अकरावीचा एक पावरा पोरगा माझं मराठी पावरीत सांगायचा. पावरी मला येत नाही. त्या पोराला इंग्रजी येत नाही. म्हंजे एक शब्द तीन घागरींतून ओतायचा आणि शेवटी किती पोचलं ते ज्याच्या तोंडात पडलं त्यालाच माहीत.

दुसऱ्या संध्याकाळी शेकोटीपाशी पुढाऱ्यानं प्रवचन लावलं. म्हणाला, तुम्ही सगळे पापी आहात. मी म्हणालो, तुम्ही सगळे पापी आहात. पोरगं अडलं. मला हळूच विचारतं, “भाऊ, पाप म्हंजे कसं सांगू? पंचांचा दंड असतो तसं, की पोलिसाचा गुन्हा?” मी काय पाद्री आहे? म्हटलं, गुन्हाच समज. पोरानं सांगितलं, तुमच्यावर गुन्हा आहे. लोक गप्प. पुढारी म्हणाला, तुमच्या पापाची किंमत एकानं आधीच भरलेली आहे. मी सांगितलं, पोरानं सांगितलं: तुमचा दंड कुणीतरी भरून टाकलाय.

आणि मित्रांनो, पाडा उठला. म्हातारे धोतर सावरत उठले आणि आपापल्या घरात गेले. पुढाऱ्याला वाटलं, पश्चात्ताप झाला. एका पोरीनं डोळे मिटून हात वर केले. पाहुण्यातला एक रडायला लागला, खरं खरं रडला, मी बघत होतो. पाच-दहा मिनिटांत म्हातारे परत आले. हातात प्लास्टिकच्या पिशव्या, काहींच्या हातात पत्र्याचे डबे. त्यातून त्यांनी काढल्या पावत्या. जंगलखात्याच्या दंडाच्या पावत्या! जंगलात नांगर धरला म्हणून, बैल चारले म्हणून, लाकूड तोडलं म्हणून. कार्बनचा निळा कागद, घड्या पडून फाटायला आलेला, कुणाची पावती १९८७ ची, कुणाची १९९४ ची. आणि सगळ्यात म्हातारा होता तो पुढं येऊन विचारू लागला, “कुणी भरला? कुणाच्या नावानं भरला? आम्ही तर भरलेला आहे. तुमची पावती दाखवा.”

हसा, हसा. मीही हसलो होतो. पण त्या पावत्यांचं मोल तुम्हाला सांगतो. २००६ चा वनहक्क कायदा म्हणतो, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलजमीन कसत असल्याचं दाखवा आणि दावा करा. आता ज्याच्या बापाचं नाव सातबाऱ्यावर कधी चढूच दिलं नाही, त्यानं दाखवायचं काय? तर ज्या पावतीनं त्याला चोर ठरवलं, तीच पावती त्याचा पुरावा. सरकारनंच लिहून दिलंय की हा बाबा १९८७ साली या जमिनीत नांगर धरताना सापडला. म्हणून ती पावती उंदीर-वाळवीपासून जपायची, पोराच्या जन्मदाखल्यापेक्षा जास्त जपायची. लोकांना वाटलं, आम्ही दाव्याच्या कामाला आलोय. डोंगर चढून चौदा माणसं आली, लिहायचा कागद आहे, तर दुसऱ्या कशाला येतील?

पुढारी मला म्हणाला, त्यांना सांग, हे ऐहिक कागद आहेत. ते मी सांगितलं नाही.

त्या रात्री मी बॅटरीच्या उजेडात सत्तावीस पावत्या वाचून दाखवल्या. मराठीत होत्या ना, वाचता येत होत्या. नाव, तारीख, गट, रक्कम. एकाच्या पावतीवर बापाचं नाव चुकलेलं निघालं, ते त्याला पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. पोरानं वहीत सगळं उतरवून घेतलं. दहा दिवसांत माझ्या हातून झालेलं सरळ काम तेवढं एकच, आणि त्याचे पाचशे रुपये मला मिळणार नव्हते.

पुढाऱ्याच्या बोलण्यात एक वाक्य सारखं यायचं, या लोकांना आजवर कुणी काही सांगितलेलंच नाही. अरे बाबा! याहामोगी मातेच्या जत्रेला जाणारी ही माणसं. तळोद्याच्या बाजूला १९३८ साली गुला महाराजांच्या आरतीला डोंगर लोटला, लोकांनी दारू सोडली, एकमेकांना ‘आप’ म्हणायला लागले, अरे-तुरे बंद. १९७२ पासून शहाद्याची श्रमिक संघटना, अंबरसिंग सुरतवंती. मग नर्मदेचं धरण, महाराष्ट्रातली तेहतीस गावं बुडिताच्या यादीत, त्याच्यावर लढा, सत्याग्रह, पाण्यात उभं राहणं. यांना सांगायला आलेल्यांची रांग कधी तुटलेलीच नाही. मोजणीवाले, धरणवाले, मतवाले, भगवे, आणि खरं बोलायचं तर निळेही. सगळे सांगून जातात.

आता दवाखान्याचं. मी खोटं बोलणार नाही, दातांच्या डॉक्टरनं मोठं काम केलं. एक बाप्या तीन महिने दाढेनं रडत होता. दाढ उपटली, माणूस संध्याकाळी भाकर खाताना दिसला. उपटलेली दाढ कायमची उपटली. ते काम आठ दिवसांत होतं. पावती वाचायचं कामही एका रात्रीत होतं. असल्या कामाला खुशाल आठ दिवस जा. पण सिकलसेलचं काय? भिल्ल-पावरांत तो रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्याची साधी तपासणीसुद्धा यांच्या पेटीत नव्हती. अंग दुखतं म्हणणाऱ्या पोराला दुखणं मारायच्या चार गोळ्या. आणि टीबीचं काय?

चौथ्या दिवशी एक बाई आली. वय असेल तिशीच्या आत, दिसायला पन्नाशीची. नवरा ऊसतोडीला गेलेला, एक पोरगी कडेवर. दोन महिने खोकला, रात्री घाम, थुंकीत रक्त. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, हा टीबी असणार, मी इथं औषध देणार नाही. औषध सहा महिन्यांचं असतं, मधेच सुटलं तर आजार औषधाला दाद देईनासा होतो. हिनं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन थुंकी तपासली पाहिजे, तिथं औषध फुकट मिळतं. आणि त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. इंग्रजीत. लेटरहेडवर कबुतराचं चित्र.

बाईनं चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली आणि पोरामार्फत विचारलं: तुम्ही परत बघायला कधी येणार?

मी पुढाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, तिला सांग, प्रभू तिच्याबरोबर कायम आहे, आम्ही प्रार्थनेत तिला लक्षात ठेवू.

आता इथं मी काय केलं ते ऐका. आजवर हे मी भर सभेत बोललेलो नाही. ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. एवढ्या खोकणाऱ्या बाईला, प्रार्थनेत लक्षात ठेवतो! मला राग आला, लाज आली, आणि त्या रागात मी पोराला म्हणालो, सांग तिला, होळीला येऊ. सातपुड्यात होळी म्हंजे वर्षाचा खिळा, गेलेली माणसंही होळीला परततात. पोरानं सांगितलं. बाई हसली. माझ्याच दयाळूपणावर मी खूश. पुढारी म्हणाला, बघ, वचनानं तिला शांती मिळाली.

दहाव्या दिवशी गाडी उतरली. फोटो निघाले. नंतर त्यांच्या छापील पत्रकात मी पाहिलं, शेकोटीपाशी पावत्या धरून उभे असलेले म्हातारे. खाली लिहिलेलं होतं की लोक आपली ओझी घेऊन पुढे आले.

पाहुणे गेले, आणि पंधरवड्यात भगवे गमछे आले. कोण आलं होतं, काय वाटलं, कुणी पुस्तक घेतलं. मुंबईवाले मुंबईत, परदेशी परदेशात. जाब कुणाला? अकरावीच्या पोराला. त्याला चावडीपाशी उभा केला, वसतिगृहातून नाव काढायची धमकी दिली. वरनं ऐकवलं की धर्म सोडलास तर आदिवासी म्हणून तुझी सवलत काढून घेऊ. कायद्यात तसं नाही. आदिवासी ख्रिस्ती झाला तरी अनुसूचित जमातीतच राहतो. धर्माची अट आहे ती आपल्याला, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदात: आधी फक्त हिंदू, मग १९५६ ला शीख, १९९० ला बौद्ध. माझी आत्या अजून त्याच्या बाहेर. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगानं ही अट काढा म्हणून सांगितलं, तरी ती बाहेरच. पण पोराला हे कोण सांगणार? ज्याला ठाऊक होतं तो मी, आणि मी पाचशे गुणिले दहा घेऊन घरी. जवळच डांगात १९९८ च्या नाताळात प्रार्थनाघरं जाळली-पाडली होती, ते डोंगर विसरलेला नव्हता. पोरगा भ्यायला. त्यानं ती पावत्यांची वही लपवली, मिशनची वही समजून कुणी फाडेल म्हणून.

होळीला मी गेलो नाही. काय काम होतं ते आता आठवतही नाही. गेलो मे महिन्यात, आणि तेही पोराचं पोस्टकार्ड आलं म्हणून.

मे महिन्यात तिथं आमचूर करतात. कैऱ्या सोलून फोडी वाळत घालतात, अंगणं आणि कौलं पांढरी दिसतात. ती बाई कैऱ्या सोलत बसली होती. सुरी चालवायची, थांबायची, खोकायची. हाताची काडी झालेली. मला बघून उठली, आत गेली आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. तीच पिशवी, सासऱ्याच्या दंडाच्या पावत्यांची. त्या पावत्यांत घडी घालून कबुतराची चिठ्ठी, जशीच्या तशी. पोरगा सांगायला लागला, पण त्याआधीच मला कळलं. ती दवाखान्यात गेलीच नव्हती. का गेली नाही? कारण तुम्ही होळीला येणार होतात. चिठ्ठी देणारा परत येणार असेल तर दुसरीकडं कशाला दाखवायची? आणि ती भांडली नाही हो माझ्याशी. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, आलास ना.

दुसऱ्या दिवशी बांबूच्या झोळीतून तिला रस्त्यापर्यंत आणली, चार जणांनी आळीपाळीनं खांदा दिला. मग जीप. सरकारी दवाखान्यात थुंकीत टीबी निघाला, आणि कडेवरच्या पोरीलाही. गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्या पाड्यावरच्या आशाबाईनं दिल्या, नजरेसमोर गिळायला लावून, पावसात, नाला ओलांडून. मधे बाई ओकायला लागली, गोळ्या नको म्हणाली. तेव्हा खालच्या सपाटीतल्या एका जुन्या मिशन दवाखान्यातल्या सिस्टर वर आल्या. त्या तिकडं वीस वर्षांहून जास्त आहेत, भिल्लांची बोली आपल्यासारखी बोलतात, आणि दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला अशा झाडतात की बस. त्यांनी बाईला दोन दिवस जवळ बसून खाऊ-पिऊ घातलं. पापाबद्दल एक शब्द नाही. मिशन तेही आहे. ग्रॅहॅम स्टेन्स ओडिशात कुष्ठरोग्यांत १९६५ पासून राहिला होता. १९९९ साली त्याला दोन पोरांसकट गाडीत जाळला तो चौतीस वर्षांनी. जाळणाऱ्यांना आठ दिवसांवाला आणि चौतीस वर्षांवाला यात फरक दिसत नाही. आपल्याला दिसला पाहिजे.

सहा महिने झाले, बाई उठली. पोरगी नाही उठली.

बसा. टाळ्या नकोत, आणि शांतताही नको. मुद्द्यावर येतो.

आपल्या यात्रेचा कागद मी वाचला. ‘आदिवासींमध्ये जागृती’. ‘त्यांच्यातल्या अंधश्रद्धेवर पथनाट्य’. ‘दलित-आदिवासी ऐक्याची हाक’. पंचवीस जणांत पावरी येणारा किती? शून्य. भिल्ली? शून्य. त्यांचा पुढारी मराठीसुद्धा शिकला नाही म्हणून मी त्याला हसलो, आणि आपली पोरं विदर्भ-मराठवाड्यातल्या मराठीत डोंगराला जागं करणार. ऐक्य करायचं तर ते आठ दिवसांत कुणाचं कुणाशी होतं? पाप म्हणायच्या जागी शोषण म्हणायचं, एवढाच बदल. शोषणाला पावरीत काय म्हणतात हे त्या पोरालाच विचारावं लागेल, आणि तो परत आपल्याला विचारील, भाऊ, म्हंजे कसं सांगू?

तो पोरगा आता तिथंच जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. वही त्यानं ठेवलीय. सत्तावीस पावत्यांपैकी काहींचे दावे मंजूर झाले, काहींचे फेटाळले, काहींना पट्टा मिळाला तो कसत असलेल्या जमिनीपेक्षा कमी जमिनीचा. अपिलं लिहायची पडून आहेत. अपील मराठीत लिहायचं असतं. ते आपल्याला येतं, बारावी झालेल्या कुठल्याही पोराला येतं.

म्हणून माझं म्हणणं असं की मिनीबस रद्द करा. तिचं भाडं, डिझेल, पंचवीस जणांचं आठ दिवसांचं जेवण, डफाचं कातडं, फोटोवाल्याचे पैसे, यांची बेरीज मी काल खजिनदारांबरोबर बसून केली. तेवढ्यात दोन माणसं सहा महिने तिथं राहून जेवतात. मास्तर खोली देतो म्हणालाय. फळीवर झोपायचं, पाणी झऱ्याचं, मोबाईलला रेंज शाळेमागच्या टेकडीवर. पहिले दोन महिने फक्त भाषा आणि पावत्या. भाषण करायचं नाही, गाणं विचारलं तर म्हणायचं.

दोन नावं पाहिजेत. बाई असेल तर अधिक बरं, बायका बायकांशी बोलतात. जून लागायच्या आत निघायचं, कारण एकदा पाऊस धरला की जीप मोलगीपर्यंतच येते आणि पुढचं सगळं पायी. मी पहिले पंधरा दिवस बरोबर आहे, ओळख करून द्यायला. ती बाईही आहे, आमचूर घरोघर विकते, तिच्याकडं मला एकदा जायचंच आहे. होळीला येतो असं मी यंदा कुणालाही सांगितलेलं नाही.

वही खजिनदारांकडं आहे. जेवायच्या आधी नावं लिहा.